‘सांगितलं तर मोबाइल काढून घेतील’ : मुख्याध्यापक आणि पालकांना एक खुलं पत्र

माननीय मुख्याध्यापक, संस्थाचालक, सहकारी शिक्षक आणि प्राथमिक वर्गांतल्या मुलांचे पालक यांस,

स. न. वि. वि.

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. गेल्या महिन्यात एका मोकळ्या तासाला मी मुलांना कागदाचे चतकोर तुकडे वाटले आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : ‘मोबाइलवर किंवा टॅबवर काही घाण किंवा भीतीदायक दिसलं, तर तू कोणाला सांगशील?’ नाव लिहायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही, घडी घालून खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकायचं. ‘आईला’, ‘बाबांना’ अशा चिठ्ठ्या बऱ्याच निघाल्या. एकाने लिहिलं होतं, ‘दादाला, कारण तो पण बघतो.’ एकाने, ‘मी पटकन बंद करीन आणि पाणी पिईन.’ आणि ज्यांच्यासाठी हे पत्र लिहायला बसले, त्या मूठभर चिठ्ठ्यांचा मजकूर जवळजवळ सारखा होता : ‘कोणालाच नाही. सांगितलं तर मोबाइल काढून घेतील.’

ते पाणी पिणारं मूल माझ्या डोक्यातून जात नाही. आठ वर्षांचं लेकरू काहीतरी बघतं, छाती धडधडते, स्क्रीन बंद करतं, स्वयंपाकघरात जाऊन पाणी पितं. आई तिथेच ओट्याशी उभी असते. ते काही बोलत नाही.

ऑनलाइन सुरक्षितता म्हटलं की आपण कुलपांबद्दल बोलायला लागतो. फिल्टर, पासवर्ड, पालकांसाठीची सेटिंग्ज. ती हवीतच, त्यांच्याकडे पुढे येते. पण कुठलाच फिल्टर शंभर टक्के अडवत नाही. जे निसटतं, त्याच्यासाठी आपल्याकडे एकच बंदोबस्त असतो : मुलानं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालत येऊन मोठ्या माणसाला सांगणं. आणि ती वाट आपणच बंद करून ठेवली आहे. मी स्वतःसुद्धा.

माझ्या घरचंच सांगते. मुलगा सात वर्षांचा असताना रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवल्याशिवाय झोपेना. आम्हाला वाटलं शाळेत काही झालं असेल. तीन आठवड्यांनी त्याने आजीला सांगितलं : कार्टून बघता बघता पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, त्यात त्याच्या आवडत्या पात्राचे डोळे कोणीतरी काढत होतं. आजीने मला सांगितलं, आणि मी काय केलं? ‘बघत काय होतास तू? कोणी सांगितलं होतं ते लावायला?’ असं ओरडून टॅब कपाटाच्या वर टाकला. पंधरा दिवस तो तिथेच. मुलाने सरळ हिशेब मांडला : व्हिडिओ दिसला तेव्हा काहीच झालं नाही, सांगितलं तेव्हा शिक्षा झाली. सातव्या वर्षी हा हिशेब कोणालाही येतो.

आणि त्याचा दोष तरी काय होता? लहान मुलांची लाडकी पात्रं घेऊन हिंसक, किळसवाणे व्हिडिओ बनवण्याचा एक धंदाच झाला होता. २०१७ साली त्यावर जगभर गदारोळ झाला, त्या प्रकाराला ‘एल्सागेट’ असं नावही पडलं आणि यूट्यूबला हजारो व्हिडिओ काढावे लागले. बाहेरचं चित्र रंगीत, गाणं ओळखीचं, मजकूर भलताच. मोठ्या माणसालाही पहिल्या दहा सेकंदांत कळू नये अशीच ती बांधणी.

म्हणून पालकांनो, पहिली विनंती. मूल काही सांगायला आलं तर तोंडातून आधी बाहेर पडू द्या : ‘बरं झालं सांगितलंस.’ मग मनात दहापर्यंत मोजा. मग, ‘तुझी चूक नाही. दाखवतोस मला?’ त्याने खरंच न विचारता काही उघडलं असेल, तर त्याबद्दल उद्या बोला. आज नको. दोन्ही गोष्टी एका दमात बोललात की मुलाला फक्त दुसरी ऐकू येते.

शाळांचीही गत वेगळी नाही. मुलाने वर्गात चुकून म्हटलं की गेममधल्या एका दादाने माझा फोटो मागितला, तर आपण काय करतो? वर्गशिक्षिका विचारते, मग पर्यवेक्षक विचारतात, मग मुख्याध्यापकांच्या खोलीत तीन मोठी माणसं खुर्च्यांवर आणि मूल उभं. मग पालकांना फोन. एकच गोष्ट चार वेळा सांगताना मूल दरवेळी थोडं थोडं कमी सांगतं, आणि चौथ्या वेळी ‘काही नाही झालं’ म्हणतं. वर्गाला तो निरोप पोचतोच : तोंड उघडलं की ऑफिसात नेतात. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेत एक माणूस ठरवा, त्याचं नाव मुलांना माहीत असू द्या, आणि मुलाला एकदाच सांगावं लागेल अशी व्यवस्था करा. तो माणूस शिक्षकच हवा असंही नाही. आमच्याकडे मुलं सगळ्यात जास्त बोलतात ती ग्रंथालयाच्या ताईंशी.

आता आपल्या ग्रुपांबद्दल. वर्गाच्या पालक-ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक घाबरवणारा मेसेज येतो. अमुक गेम मुलांना जीव द्यायला लावतो, तमुक चेहरा मध्यरात्री फोन करतो. २०१८ आणि २०१९मध्ये ‘मोमो’ नावाच्या भयंकर चेहऱ्याने असाच धुमाकूळ घातला : तो मुलांना स्वतःला इजा करून घ्यायची ‘आव्हानं’ देतो, अशी अफवा होती. तो चेहरा म्हणजे खरं तर जपानमध्ये प्रदर्शनासाठी बनवलेलं एक शिल्प होतं, रबराचं, जे पुढे सडून गेलं आणि टाकून दिलं गेलं. फेब्रुवारी २०१९मध्ये ब्रिटनमधल्या कित्येक शाळांनी पालकांना त्याबद्दल इशारे पाठवले. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था सांगत होत्या की या ‘आव्हाना’मुळे कोणाला इजा झाल्याचा पुरावा नाही. पण तोवर ज्या मुलांनी तो चेहरा कधी पाहिला नव्हता, त्यांनीही तो पाहिला, शाळेच्या इशाऱ्यासोबत आलेल्या फोटोत. भीती पसरवणारे आपणच, आणि तीही मुलांपर्यंत नेणारे आपणच. मुख्याध्यापकांनो, शाळेच्या नावाने इशारा पाठवण्याआधी तो खरा आहे का एवढं कोणीतरी अर्धा तास बसून तपासा. आणि फोटो लावू नका.

पुढचा कबुलीजबाब माझा. मागे मी दर शनिवारी ‘या आठवड्याचा तारा’ म्हणून एका मुलाचा फोटो शाळेच्या सार्वजनिक पानावर टाकत असे. फोटोत गणवेश, ओळखपत्र, खाली पूर्ण नाव आणि तुकडी. लाइक भरपूर मिळायचे, मलाही बरं वाटायचं. एका सोमवारी एका मुलीची आई शाळा सुटल्यावर थांबली. शांतपणे म्हणाली, ‘बाई, तो फोटो काढता का? आम्ही कुठे राहतो ते एका माणसाला कळू द्यायचं नाहीये.’ मी तिथल्या तिथे काढला. पण दोन दिवस तो तिथे होता आणि दोन दिवसांत कोणी पाहिला, कोणी उतरवून घेतला, हे ना मला ठाऊक ना तिला. ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

एका फोटोत किती माहिती असते बघा : चेहरा, शाळा, वर्ग, शाळा सुटण्याची वेळ, आणि फोनचं लोकेशन चालू असेल तर मूळ फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशसुद्धा. आता त्यात भर म्हणजे साध्या फोटोवरून अश्लील बनावट चित्रं तयार करणारी एआयची साधनं कोणाच्याही हाताशी आहेत. स्नेहसंमेलनाचे फोटो टाकूच नका असं मी म्हणत नाही. चेहऱ्यासोबत नाव नको, ओळखपत्र दिसायला नको, सगळ्या जगासाठी खुलं नको आणि पालकांना आधी विचारल्याशिवाय नको. प्रवेशअर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेली संमती म्हणजे विचारणं नव्हे. आणि पालकहो, वाढदिवसाला मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि शाळा एकाच पोस्टमध्ये टाकता तेव्हा तुम्हीही माझ्याच रांगेत उभे असता. फोटो टाकण्याआधी मुलालाही विचारा. ‘हा नको, यात माझे दात दिसतायत’ असं ते म्हणेल. मग नका टाकू. स्वतःच्या फोटोवर आपला शब्द चालतो हे त्याला घरात समजलं, तर उद्या बाहेरच्याने फोटो मागितल्यावर नाही म्हणायची सवय तयार असेल.

पासवर्ड हा विषय ऐकून मुख्याध्यापक जांभई देतात, पण एक प्रसंग ऐका. मुलांना अभ्यासाच्या ॲपची खाती मिळाली. पासवर्ड म्हणजे पहिलं नाव आणि हजेरी क्रमांक. सगळ्यांचा. तिसरीतल्या मुलाला वर्गातल्या प्रत्येकाचा हजेरी क्रमांक तोंडपाठ असतो. आठवड्याच्या आत एका मुलाच्या खात्यातून वर्गातल्या मुलीला घाणेरडे शब्द गेले, आणि ज्याच्या नावाने गेले तो बिचारा त्या दिवशी तापाने घरी झोपलेला. त्याला ताप होता म्हणून सुटला. नसता तर आम्ही त्यालाच शिक्षा केली असती, अगदी आत्मविश्वासाने.

ॲपवरून आठवलं. शाळा सांगते म्हणून पालक डोळे झाकून ॲप घेतात. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी साथीच्या काळात सुचवलेली शिक्षणाची ॲप आणि संकेतस्थळं तपासली. दहापैकी जवळजवळ नऊ साधनांमध्ये मुलांच्या हक्कांना धोका पोचेल अशा रीतीने माहिती हाताळली जात असल्याचं दिसलं, आणि अनेकांतून ती जाहिरात कंपन्यांपर्यंत जात होती. म्हणजे मूल पाढे म्हणत होतं आणि पलीकडे त्याच्या सवयींची नोंद होत होती. तेव्हा शाळेने ॲप सुचवताना एक साधा कागद द्यावा : हे ॲप कशासाठी, मुलाची कोणती माहिती घेतं, त्यात अनोळखी माणूस मेसेज करू शकतो का, वर्ष संपल्यावर खातं पुसलं जातं का. हा कागद शाळेला लिहिता येत नसेल, तर ते ॲप सुचवू नये. आणि पहिली-दुसरीचा गृहपाठ मोबाइलवर पाठवणं तर बंदच करा. दिवसभर ‘मोबाइल कमी बघा’ म्हणून सांगायचं आणि संध्याकाळी सातला ग्रुपवर वर्कशीट टाकायची, हा दुटप्पीपणा मुलांच्या लक्षात येतो.

‘अकाउंट कितव्या वर्षी काढून द्यायचं?’ हे मला प्रत्येक पालकसभेत विचारलं जातं. बऱ्याच समाजमाध्यमांवर तेरा वर्षांची अट दिसते. ती आली अमेरिकेच्या १९९८च्या एका कायद्यावरून, ज्याने तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायला मनाई केली. म्हणजे तो आकडा माहिती गोळा करण्यापुरता ठरला, तेराव्या वर्षी मूल समंजस होतं असा कोणी शोध लावला नव्हता. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली, आणि दंड मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना ठेवला. हे मला योग्य वाटतं.

पण कायदा काहीही असो, घरात आपण काय करतो? आठ वर्षांच्या मुलासाठी खातं काढताना जन्मसाल खोटं टाकतो. कोणी तेराचा करतो, कोणी घाईत यादी खाली ढकलून थेट वीस वर्षांचा. त्याने काय होतं, ते माझ्या लक्षातही उशिरा आलं. लहानांच्या खात्यांना जी संरक्षणं आपोआप लागू होतात, अनोळखी प्रौढांचे मेसेज अडवणं, खातं खासगी ठेवणं, काही मजकूर लपवणं, ती सगळी वयावर चालतात. खोटं वय टाकलं की ती आपल्या हाताने बंद होतात. आज आठ वर्षांच्या मुलाला तेराचा दाखवलात, तर खरोखर तेरा वर्षांचा होईल त्या वर्षी ॲपच्या लेखी तो अठरा वर्षांचा प्रौढ असेल. आज रात्रीच उघडून बघा, तुमच्या मुलाचं वय कुठे काय टाकलेलं आहे ते.

वेळेचा हिशेब सगळेच मागतात. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून जास्त नको, कमी असेल तर उत्तम, आणि वर्षाखालच्या बाळाला अजिबात नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलं आहे. माझ्या वर्गाच्या वयाला मात्र ‘किती वेळ’पेक्षा ‘कुठे आणि कोणाबरोबर’ हे जास्त महत्त्वाचं. बंद दाराआडची वीस मिनिटं मला दिवाणखान्यातल्या तासापेक्षा जास्त घाबरवतात. म्हणून हेडफोन नको. घरात आवाज झाला तरी चालेल, पण खोलीतल्या मोठ्या माणसाच्या कानावर काय चाललंय ते पडू दे. पुढचा व्हिडिओ आपोआप लागण्याची सोय बंद करा. लहान मुलांसाठीच्या काही ॲपमध्ये पालकांनी निवडलेलंच दिसेल आणि शोध बंद राहील अशी सोय असते. ती चालू करायला पाच मिनिटं लागतात आणि नव्वद टक्के पालकांनी तिचं नावही ऐकलेलं नाही, असा माझा पालकसभेतला अंदाज. रात्री फोन मुलाच्या खोलीबाहेर. तुमचासुद्धा.

गेममधलं चॅट हा वेगळा प्रकार. मुलाच्या शेजारी बसून एकदा तो गेम खेळा. हराल, मूल हसेल, हरकत नाही. तेवढ्यात तुम्हाला दिसेल की पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कोणीतरी बोलतंय. फूस लावणाऱ्याची चाल बहुतेकदा ठरलेली असते. आधी फुकट नाणी किंवा नवा पोशाख भेट. मग, ‘तू खूप छान खेळतोस, वय काय तुझं?’ मग, ‘खोलीत कोणी आहे का?’ मग, ‘इथे नीट बोलता येत नाही, त्या दुसऱ्या ॲपवर ये.’ मग फोटो. आणि शेवटी, ‘हे आपलं गुपित.’ वर्गात मी एवढंच शिकवते : दुसऱ्या ॲपवर बोलावलं, फोटो मागितला किंवा गुपित ठेवायला सांगितलं, यातलं एक जरी झालं तरी गेम तसाच टाकून मोठ्यांकडे. समोरचा मोठा आहे की लहान, चांगला की वाईट, हे मुलाने ओळखायची गरज नाही. आपल्यालाही ते ओळखता येत नाही.

‘गुपित’ या शब्दावर मुलं अडतात, कारण आपणच त्यांना बाबांच्या वाढदिवसाची भेट लपवायला सांगतो. एका मुलीने विचारलं, ‘मग बाबांना सांगायचं का घड्याळ आणलंय ते?’ त्यावर वर्गातच एक उत्तर सापडलं : जे नंतर सगळ्यांना कळणार आहे आणि कळल्यावर सगळे हसणार आहेत, ती गंमत. जे कधीच, कोणालाच सांगू नको म्हणतात, ते गुपित. गंमत ठेवायची, गुपित ठेवायचं नाही.

एवढं करूनही काही घडलंच, तर काय करायचं हे घडण्याआधी माहीत हवं. संतापाच्या भरात आपण खातं डिलीट करतो आणि त्यासोबत पुरावा जातो. मुलाच्या खात्यातून समोरच्याला शिव्या घालतो आणि तो सावध होतो. तसं करू नका. बोलण्याचे आणि त्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ लिहून ठेवा, मग ब्लॉक आणि रिपोर्ट करा, पोलिसांत जा. शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम : मुलाचं नग्न किंवा अश्लील चित्र असेल तर ते ‘पुरावा’ म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नका, मुख्याध्यापकांना फॉरवर्ड करू नका, स्टाफच्या ग्रुपवर तर नाहीच. बहुतेक देशांत तसं चित्र जवळ बाळगणं किंवा पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. फोन आहे तसा बाजूला ठेवून पोलिसांच्या हाती द्या. अशी चित्रं पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा २०२३पासून आहे. त्यात चित्र कुठेही पाठवावं लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक आकडा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्या आकड्यावरून ते चित्र शोधून काढून टाकू शकतात. प्रत्येक शाळेच्या एका तरी माणसाला हे माहीत असावं. ज्या दिवशी गरज पडेल, त्या दिवशी शोधायचं डोकं जागेवर नसतं.

पुढच्या पालकसभेला मी खडूचं ते खोकं घेऊन येणार आहे. चिठ्ठ्या वाचून दाखवणार नाही. अक्षर ओळखून कोणी घरी जाऊन मुलाला जाब विचारेल, ही भीती मला आहे. त्याऐवजी पालकांना तसेच चतकोर कागद देणार आहे, प्रश्न एकच : ‘तुमच्या मुलाने शेवटचं तुम्हाला काय दाखवलं होतं, आणि तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात?’ नाव लिहायचं नाही. इतर शाळांनीही हे करून बघावं. मुलांना सहामाहीनंतर मी तोच प्रश्न पुन्हा देणार आहे.

माझ्या मुलाचं म्हणाल तर तो आता दहा वर्षांचा आहे. परवा टॅब घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘आधी सांग, ओरडणार नाहीस ना?’ मी नाही म्हटलं. तरी त्याने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, आणि मग टॅब पुढे केला.

आपली,
तिसरीची एक वर्गशिक्षिका